सासूबाईंचं त्रेसष्ट अंशांचं पाणी

ताई,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. खाली पडलेला एक स्क्रू शोधत होतो, त्यातच तुझा नमस्कारही उरकून घेतला. राग मानू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून दारावरच्या बेलच्या आधी तेच वाजतात? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ‘सगळे’ ह्या शब्दात ह्या वेळी मी बाबांनाही धरलंय, हे नीट वाच, घोटभर पाणी पी, आणि मग पुढचं वाच, कारण पत्र लांबणार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं बाबांच्या खोलीत ऐकू जातं, बाबांच्या खोलीत बोललेलं स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात सध्या माझ्या सासूबाई आहेत. म्हणून हे पत्र मी दुकानात, दोन फ्रिजच्या मागे, पंख्याच्या खोक्यावर बसून लिहितोय. मालक ह्या बाजूला वळले की उठून एका फ्रिजचं दार उघडतो आणि आत बघून मान हलवतो.

आधी शिव्या खायचं काम. तू दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलीस तेव्हा बाबांचे उरलेले सहा दात काढून आठच दिवस झाले होते, आणि दंतवैद्य म्हणाले होते, महिन्यात कवळी बसेल, माणूस अक्रोड फोडेल. कवळी आली. ती पेल्यात बसली, तोंडात काही बसली नाही. त्यात मध्येच ताप येऊन गेला, आणि ताप उतरला तशी बाबांची भूकही त्याच्याबरोबरच निघून गेली. आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! हिने प्रत्येक भाजी उकडून मिक्सरमधून काढली. मी दुकानातून सगळ्यात भारी मिक्सर आणला. (सातशे पन्नास वॅट, तीन भांडी, मी ग्राहकांना सांगतो की ह्यात दगडही दळला जाईल.) बाबांनी त्या वाटीतल्या हिरव्या लगद्याकडे बघितलं, वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, “कुणाचं तरी आधीच चावून झालेलं मी खाणार नाही.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी लाल लगदा होता, तिसऱ्या दिवशी पिवळा. भिंत मात्र तीच. सूप आणि दूध यांच्यावर माणूस किती दिवस निभावणार? सात किलो उतरले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आणखी दोन उतरले तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. हे मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू तो गुडघा घेऊन धावत आली असतीस. आता ज्या शिव्या द्यायच्या त्या पत्र संपल्यावर एकदमच दे.

तर त्या दिवशी हिने (शाळेत पोरांना रडू नका, गणित सोपं आहे म्हणून सांगणारी तुझी भावजय) आपल्या आईला फोन लावला आणि ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई दारात. सामानाचे तीन डाग. एका पिशवीत कपडे, एका पिशवीत पुस्तकं आणि जुन्या वह्या, आणि तिसरी एक लाकडी पेटी, जी त्यांनी रिक्षावाल्याला उचलू दिली नाही आणि मला तर नाहीच नाही. पेटीत हिरव्या मखमलीवर चार काचेचे तापमापक. तुला आठवत असेल, सासूबाई एकतीस वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होत्या. काम काय, तर दूध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास राहतंय की नाही ते बघायचं. बासष्ट झालं तर जंतू वाचतात, पासष्ट झालं तर चव मरते. एकतीस वर्षं त्या त्रेसष्टवर पहारा देत होत्या. घरचं माणूस तेवढं लक्ष देऊन कुणी सांभाळत नाही.

बाबा आणि सासूबाई यांचं कसं आहे तेही तुला माहीत आहेच, पण पत्र भावोजीही वाचतील आणि ते त्या वेळी मांडवाबाहेर खोकत होते, म्हणून सांगतो. आमच्या लग्नात चहाचं दूध बाबांच्या जिवलग मित्राने पुरवलं होतं. सासूबाईंनी पर्समधून एक काचेची नळी काढून दुधात सोडली, वर धरून उजेडात बघितली, आणि भर मंडळींत जाहीर केलं, “अठरा टक्के पाणी.” मित्र जेवायला न थांबता गेला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत ह्या दोन विहीण-व्याह्यांमध्ये ‘बसा’, ‘निघतो’ आणि ‘पंखा लावू का?’ ह्यापलीकडे संभाषण झालेलं नाही. तेव्हा सासूबाई आल्या म्हणून बाबा उठून बसले वगैरे काही समजू नकोस. त्यांनी फक्त भिंत आणखी जवळ घेतली.

सासूबाईंनी आल्या आल्या मिक्सर उचलून माळ्यावर ठेवला. मग बाबांच्या खोलीच्या दारात क्षणभर उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत, आणि स्वयंपाकघरात येऊन हिला म्हणाल्या, “त्यांना भूक नाही असं नाही. त्यांना लाज वाटते. ताटात गाजर असेल तर ते गाजर दिसलं पाहिजे. फक्त हिरडीने दाबलं तर मोडलं पाहिजे.” मी म्हटलं, मग जास्त उकडू या. तर त्या म्हणाल्या, जास्त उकडलं की गाजराचा सगळा जीव पाण्यात उतरतो आणि मांसाचं चामडं होतं. पदार्थ पिशवीत हवा न ठेवता बंद करायचा, आणि पाणी एका ठरलेल्या अंशावर तासन्‌तास तसंच धरून ठेवायचं. पाणी उकळायचं नाही, थंडही व्हायचं नाही. मोठ्या हॉटेलांत ह्याला सू व्हीद म्हणतात म्हणे (शब्द फ्रेंच आहे, आमच्या दुकानातला मिस्त्री त्याला अजूनही ‘सुविधा’च म्हणतो), आणि त्यासाठी खास यंत्र मिळतं. ते आमच्या दुकानात नाही. मी मागवतो म्हटलं तर यायला तीन आठवडे लागणार होते. सासूबाई म्हणाल्या, तीन आठवडे त्यांच्याकडे नाहीत. आणि ओट्यावरून नजर फिरवत विचारलं, “तुमच्या घरात गरम होणाऱ्या वस्तू कोणकोणत्या?”

ताई, मी एकोणीस वर्षं गरम होणाऱ्या वस्तू विकतोय. पण त्या दुपारी मला कळलं की त्यांतल्या एकीलाही मी ओळखत नव्हतो. सासूबाईंनी एकेकीत पाणी भरून तापमापक लावला आणि वहीत नोंद केली. किटली: हिला उकळण्याशिवाय काही येत नाही. गिझर: बरा, पण न्हाणीघरात जेवण शिजवणार नाही. भाताचा कुकर, ‘गरम ठेवा’ बटणावर: एकाहत्तर, झाकण किलकिलं ठेवल्यास सदुसष्ट, सुधारण्याजोगा. (शेरे त्यांचेच. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हिलासुद्धा असे शेरे मिळायचे म्हणे.) मग त्यांनी कुकर उलटा केला आणि पेचकस मागितला. मी दर दिवशी चार माणसांना बजावतो की कुकरचं बूड उघडलंत तर हमी संपली. तो कुकर आमच्याच दुकानातला, हमीपत्रावर सही माझीच. मी पेचकस आणून दिला. दहा मिनिटांत कुकरची आतडी टेबलावर, हिच्या पोरांच्या गणिताच्या वह्यांवर, ओळीने मांडलेली. त्यांनी बघितलं, समजून घेतलं आणि होतं तसं परत बसवलं. एक स्क्रू उरला. (तोच वर शोधत होतो. चुकून खिशातून दुकानात आलाय.)

पहिलं अंडं सदुसष्ट अंशांचं झालं, ते त्यांनाच पटलं नाही. दुसरं झाकणाखाली काडी घालून चौसष्टवर आणलं, पण त्यासाठी त्या तासभर काडी आतबाहेर करत स्टुलावर बसून होत्या. मऊ, थरथरतं, चमच्याने उचलावं असं ते अंडं हिने बाबांकडे नेलं. बाबांनी विचारलं, कुणी केलं? ही खोटं बोलायला गेली, पण गणिताची बाई, जमलं नाही. बाबा म्हणाले, विहीणबाईंना सांग, आभारी आहे, भूक नाही. सासूबाईंनी ते अंडं परत येताना पाहिलं, आणि वहीत लिहिलं: ‘अंडं योग्य. वेळ अयोग्य.’ मला वाटलं होतं त्या चिडतील. मी असतो तर रात्रीच्या गाडीने परत गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दुकानात आल्या. दुकान तू पाहिलंयस: काचेमागे टीव्ही, मधे धुण्याची यंत्रं, मागे मिस्त्रीचा कोपरा, तिथे वितळलेल्या कथिलाचा वास. मी एका जोडप्याला कुकर दाखवत होतो. सासूबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकासारख्या आवाजात विचारलं, “ह्याची वीज किती अंशांवर तुटते?” मी म्हटलं, उत्तम आहे. त्या म्हणाल्या, उत्तम हा आकडा नाही. जोडपं माझ्याकडे बघायला लागलं. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी सासूबाईंना घाईघाईने मिस्त्रीच्या कोपऱ्यात नेलं, तर तिथे मिस्त्री (जो गेल्या अकरा वर्षांत माझ्याशी ‘हूं’ पलीकडे बोललेला नाही) स्टूल पुसून देऊन तासभर त्यांच्याशी गप्पा मारत बसला. जाताना त्याने खणातून एक डबी काढून दिली, अंडी उबवायच्या पेटीतली. तिची तार पाण्यात सोडायची. पाणी ठरलेल्या अंशाला पोचलं की डबी कुकरची वीज तोडते, जरा उतरलं की जोडते. म्हणजे कुकरच्या पोटात हात घालायचं कामच नाही, कुकर डबीला लावायचा आणि डबी भिंतीला. काडी घेऊन बसायची गरज संपली. मिस्त्री मला हळूच म्हणाला, “बाई आधी का नाही आणल्या दुकानात?”

पाणी वर गरम आणि खाली गार राहतं, ही पुढची अडचण. त्यावर उपाय त्यांना दंतवैद्याकडे सापडला. बाबांची कवळी घासून आणायला आम्ही गेलो होतो, तिथे बाहेर माशांची पेटी आहे. तिच्यातले बुडबुडे सासूबाई अर्धा तास टक लावून बघत होत्या, आणि आत बोलावल्यावर दंतवैद्यांना कवळीबद्दल एक अक्षर न विचारता म्हणाल्या, “जुना पंप पडला असेल ना तुमच्याकडे?” होता. हवेचा पंप बाहेर ठेवायचा, नळी तेवढी पाण्यात. उकळत्या पाण्यात आधी नळी निर्जंतुक केली, हे सांगायला नकोच. झालं, आमच्या कुकरात बुडबुडे सुरू. ओट्यावर त्रेसष्ट अंशांचं तळं, वरून काचेचा तापमापक, बाजूला डबीचा लाल आकडा. काचेचा आणि लाल आकडा जुळले तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. ताई, मी बायकोच्या आईकडे इतक्या आदराने ह्याआधी कधी बघितलं नव्हतं. लग्नात बघायला हवं होतं, पण तेव्हा मी दुधवाल्याला शोधत होतो.

आता माझा पराक्रम. आपणही काही करून दाखवावं म्हणून मला एक कल्पना सुचली. आमच्या धुण्याच्या यंत्रावर ‘साठ अंश’ असं बटण आहे. पाणी आपोआप येतं, गरम होतं, फिरतं. सासूबाई बाजारात गेल्या होत्या, ही शाळेत. मी कोंबडीचे दोन तुकडे लोणी-मिरी लावून पिशव्यांत बंद केले, पिशव्या आपटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती माझे दुकानाचे चार सदरे ठेवले, ‘नाजूक कपडे’ लावलं आणि पेपर वाचायला बसलो. पाऊण तासाने यंत्र पिळायला लागलं. पिळणं हा भाग मी विसरलोच होतो. पुढचं लिहीत नाही. इतकंच सांगतो की दहा-बारा दिवस झाले, मी जवळून गेलो की मालक विचारतात, आज डबा लवकर उघडलात का? सासूबाई परत आल्या, त्यांनी यंत्रात डोकावून बघितलं, आधी माझ्याकडून सगळं साफ करवून घेतलं आणि मग नुसतं पाणी घेऊन यंत्र पुन्हा चालवलं, मध्येच थांबवलं आणि तापमापक आत धरला. बावन्न. “हे तुम्ही साठ सांगून विकता?” मी म्हटलं, हो. त्यांनी वहीत लिहिलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना ‘साधारण साठ’ म्हणतो, आणि ते शब्द तोंडातून जाताना कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं.

पण त्यांनी त्याच संध्याकाळी मला पिशवी बंद करायला शिकवली. पिशवीचं तोंड जरासं उघडं ठेवून ती बादलीतल्या पाण्यात हळूहळू सोडायची. पाणी चारही बाजूंनी दाबतं, हवा वरून मुकाट निघून जाते, आणि पिशवी गाजराला अशी चिकटते की जणू कातडीच. मग चिमटीने तोंड बंद. माझ्या हातून चार वेळा आत पाणी गेलं. पाचव्या वेळी जमलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा, घाई नसली की तुमचे हात चांगले आहेत.” आपल्या घरात माझ्या हातांना आजवर कुणी चांगलं म्हटलेलं नाही. (तू सुद्धा. ती काचेची बरणी मांजराने पाडली होती.)

आणि मग तो सोमवार. रविवारी दुपारी बारा वाजता सासूबाईंनी मटणाचा चांगला जाड तुकडा त्रेसष्टवर सोडला होता, चोवीस तासांसाठी. डॉक्टरकडे वजन करायला बुधवारी जायचं होतं. तोवर बाबांनी गाजरही परत पाठवलं होतं, मासाही. हा शेवटचा डाव आहे हे घरातल्या पंख्यालासुद्धा कळलं असावं, कारण सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी तो थांबला. वीज गेली. बुडबुडे बंद, लाल आकडा बंद. खाली चौकशी केली तर रस्ता खोदताना तार तुटलेली, दुपारपर्यंत काही होणार नाही. मी तरीही डबीचं बटण दोनदा दाबून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, “सहलीची बर्फाची पेटी आहे ना तुमची? जी बर्फाची थंडी बाहेर जाऊ देत नाही, ती ऊब तरी का जाऊ देईल?” त्यांनी गॅसवर पाणी तापवून पेटी आधी आतून गरम केली, मग कुकरातलं पाणी, पिशवी, तापमापक सगळं तिच्यात. आता दर दहा मिनिटांनी किती उतरतंय ते बघायचं, उतरलं तर गरम पाणी घालायचं. वही उघडली. त्यांनी विचारलं, किती वाजले? मी घड्याळ बघून म्हटलं, नऊ सोळा. ही मोबाइल बघून म्हणाली, नऊ एकवीस. मी म्हटलं माझं बरोबर, ती म्हणाली माझं उपग्रहावरून येतं.

ताई, आपले बाबा चौतीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. एकाच घरात दोन माणसं दोन वेगळ्या वेळा सांगतायत, हे त्यांना भूकबळीपेक्षा वाईट. आतून पलंग करकरला. घासत येणाऱ्या चपला ऐकू आल्या. बाबा दारात, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात त्यांचं जुनं घड्याळ. म्हणाले, “नऊ एकोणीस.” मी माझं घड्याळ जुळवून घेतलं. मग त्यांनी पेटीकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता, सरळ सासूबाईंना विचारलं, “हिला उघडं ठेवलंय कशाला?” आणि आत जाऊन स्वतःची गोधडी घेऊन आले. इतके दिवस ज्या गोधडीत तोंड खुपसून माणूस पडून होता, ती त्यांनी त्या पेटीभोवती दोनदा गुंडाळली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. वही सासूबाईंच्या हातातून घेतली. (त्यांनी दिली! मला अजून ती वही हातात घ्यायची परवानगी नाही.)

पुढचे तीन तास आमच्या स्वयंपाकघरात डेपो चालला. दर दहा मिनिटांनी बाबा म्हणायचे, “वेळ.” सासूबाई झाकण जेमतेम उघडून वाचायच्या, “बासष्ट पूर्णांक चार.” बाबा लिहायचे. “वेळ.” “बासष्ट पूर्णांक एक.” त्यांचं अक्षर आधी थरथरत होतं, अकराच्या सुमाराला सुधारलं. एकदा सासूबाई मिनिटभर उशिरा उठल्या तर बाबांनी वहीत तसं नोंदवलं. त्यांनी ते वाचलं. पुढच्या वेळी अर्धं मिनिट आधीच उभ्या. ही शाळेला उशीर झाल्याचं कळवून ओट्याला टेकून उभी होती. मी दुकानात फोन केला की घरी तातडीचं काम आहे, मालकांनी विचारलं काय, मी म्हटलं मटण. मी खोटं बोलत नाही.

उतरलेल्या अंशांचा हिशेब करून सासूबाईंनी चाळीस मिनिटं वाढवली. बारा चाळीसला बाबांनी घड्याळ बघितलं आणि बस सोडायच्या त्या आवाजात म्हणाले, “सोडा.” सासूबाईंनी पिशवी कापली, तुकडा गॅसवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम खरपूस केला आणि ताटात ठेवला. अख्खा. कापला नाही, कुस्करला नाही. नुसता एक चमचा शेजारी. बाबांनी त्या तुकड्याकडे बराच वेळ बघितलं. मग चमच्याची कड टेकवली, आणि ताई, तुकडा आपोआप उलगडला, जणू तो तेवढ्याचीच वाट बघत होता. त्यांनी घास घेतला. तोंडात घोळवला. पेल्यातली कवळी पेल्यातच होती. गिळला. आम्ही तिघं उभे. दुसरा घास. तिसरा. मग चमचा खाली ठेवून बाबा म्हणाले, “मीठ कमी आहे.”

सासूबाई म्हणाल्या, “मीठ वरून घालता येतं. जास्त शिजलेलं परत कमी शिजवता येत नाही.”

बाबा चमचा परत उचलत म्हणाले, “त्या दुधात पाणी होतंच. मला माहीत होतं.”

सासूबाईंनी मिठाची बरणी पुढे सरकवली. ही न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ आतच राहिली. मीही डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून गोधडीची घडी करायला घेतली. तुकडा संपला, ताई. सगळा.

बुधवारी वजन उतरलं नव्हतं. त्यापुढच्या बुधवारी दीड किलो वर. आता रोज सकाळी ओट्यावर बाबांच्या हातचं वेळापत्रक लागतं: अंडी, चौसष्ट अंश, सुटण्याची वेळ आठ पाच, गाजर, पंच्याऐंशी अंश, दहा दहा. (भाज्यांना जास्त लागतं, हे मला आता कुणीही झोपेतून उठवून विचारावं.) अंश त्या बघतात, वेळ हे बघतात. भांडणंही होतात, पण ती आता तोंडाने होतात, भिंतीकडे बघून नाही. काल तर ‘बीट तासाचं की सव्वा तासाचं’ यावरून दोघं इतके तापले की हिने दोघांना घरात आवाज चढवू नका म्हणून दटावलं. मी नुसता ऐकत बसलो होतो. रेडिओ लागल्यासारखं वाटतं.

मालक ह्या बाजूला येतायत. ह्या फ्रिजचं दार मी आता चौदाव्यांदा उघडतोय. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला शेक दे (साधारण बेचाळीस अंश, त्यावर नको).

तुझा धाकटा,
चांगल्या हातांचा

ता. क. खरं म्हणजे पत्र ह्याच्यासाठी लिहिलं. पुढच्या महिन्यात बाबांनी तुझ्याकडे यायचं ठरलंय, तू त्यांच्यासाठी खोलीला रंग दिलास, खिडकीला नवे पडदे लावलेस, हे सगळं मला माहीत आहे आणि म्हणूनच चार पानं झाली तरी मुद्द्यावर येत नव्हतो. ताई, ह्या वेळी बाबांना आमच्याकडेच राहू दे. दुसरं असं की सासूबाई वीस तारखेला परत जायचं म्हणतायत. ‘लेकीकडे तीन आठवड्यांपलीकडे राहू नये’ हा त्यांचा नियम आहे आणि मी आग्रह केला तर जावई तोंडदेखलं बोलतो असं त्यांना वाटतं. तू त्यांना एक पत्र लिही. राहा असं लिहू नकोस. एवढंच लिही की तापमान न बघताही नुसत्या अंदाजाने हे सगळं जमतं असं तू ऐकलंयस. त्या तुला उत्तर लिहायला बसतील आणि त्यांची गाडी नक्की चुकेल.

आणखी एक ता. क. वरचं काहीही करू नकोस. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे लिहिता येतंय. काल रात्री जेवताना बाबांनी तुझ्या रंग दिलेल्या खोलीचा विषय काढला. म्हणाले, पोरीने माझ्यासाठी एवढं केलंय, गेलं पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, जरूर जा, पण तिकडे तुमचं पाणी कोण बघणार? बाबा म्हणाले, तेच म्हणतोय मी. आणि दोघांनी आपापल्या ताटात बघितलं. तर गुरुवारी तिकडे चार दहाला पोचणाऱ्या बसने दोघंही तुझ्याकडे येतायत, पंधरा दिवसांसाठी, कुकर, डबी, पंप आणि लाकडी पेटीसकट. चारलाच स्टँडवर जा, बाबा घड्याळ बघतील. पेटी उचलायला जाऊ नकोस. पंधरा दिवस झाले की दोघांनाही परत पाठव. एकेकटं पाठवू नकोस.

तिकिटं मी काढणार होतो. पण आज सकाळी मी दुकानात जायला निघालो तर बाबा माझ्या आधीच बाहेर पडलेले. मी त्यांच्या मागे मागे गेलो, दिसू न देता. स्टँडपर्यंत चालत गेले. खिडकीपुढे मोठी रांग होती. एका पोरीने बाकावरची आपली जागा देऊ केली, तर मानेनेच नको म्हणाले. पस्तीस मिनिटं उभे होते, सरळ, हात पाठीमागे. मी समोरच्या फुटपाथवर. दुकानात पोचायला उशीर झाला, मालकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, बाबा रांगेत उभे होते. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. तुला वाटेल, म्हणून लिहिलं.